दोन पावसाळे जपलेली राख

स्टाफरूममध्ये डबा उघडला आणि कुणी "थोडंसं घेऊ का, मॅडम?" असं म्हटलं, की माझं डोकं फिरतं. घे की बाबा, भेंडीची भाजी तर आहे. पण ते 'थोडंसं' कानावर पडलं की माझा चेहरा असा काही होतो, की समोरचा बिचारा हात मागे घेतो. परवा एका नव्या मुलीनं घाबरून सॉरीच म्हटलं. तिची काही चूक नाही. चूक कुणाची, ते सांगायला बसलेय.

मी पौडची. बाजारपेठेत अब्बांचं हार्डवेअरचं दुकान आहे. पत्रे, खिळे, नळाचे पाइप, कोयते, बैलांच्या साखळ्या, हल्ली रंगाचे डबेसुद्धा. मुळशीतल्या निम्म्या गोठ्यांवर आमच्या दुकानातला पत्रा आहे, असं अब्बा सांगतात आणि ते फारसं खोटं नाही. मी भूशास्त्र शिकायला पुण्यात गेले तेव्हा आमच्या नातेवाइकांत चांगलीच खसखस पिकली होती. "दगडं बघायला कॉलेजात जावं लागतं व्हय? या डोंगराला काय कमी हायेत?" पुढं तर मी अशा शाखेत शिरले की तिथं दगडसुद्धा नाही, नुसती माती. क्वाटर्नरी म्हणतात तिला. पृथ्वीच्या इतिहासातला अगदी अलीकडचा, शेवटचा तुकडा; हिमयुगांचा. लग्नकार्यात कुणी ना कुणी हमखास विचारतं, मग मुळशीत बर्फ होता का हो? नव्हता. बर्फ होता हिमालयात आणि पार तिकडं उत्तरेला. पण तिकडं बर्फ वाढला की इकडं पाऊस आटायचा, नद्यांतला जोर जायचा आणि त्या गाळ टाकून बसायच्या. तो गाळ अजून आहे, ओढ्यांच्या कडांना थरावर थर दिसतो. तो वाचायचा, हा माझा धंदा.

या धंद्यातली आमची जमात लहान आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात. कोण कुणाचा विद्यार्थी, कुणाचं कुणाशी वीस वर्षांपूर्वी काय वाजलं, कोण कुणाच्या शोधनिबंधावर खुन्नस काढतं, सगळं तोंडपाठ. आणि आमचा एक नियम आहे: कागदावर कुणीही काहीही लिहील, आधी जागा दाखवा. थर जागेवर, जसाच्या तसा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही सख्ख्या भावावर विश्वास ठेवत नाही. नियम चांगला आहे. मी आजही म्हणेन, चांगला आहे. दुसरी एक रीत मात्र कुठंच लिहिलेली नाही, ती अशी की, गेलेल्या जागेवरून आमच्यातलं कुणी रिकाम्या हातानं परत येत नाही.

मुठा गावाच्या पुढं, खोऱ्यात आत, रस्त्यापासून पाचेक मिनिटं चालत गेलं की एका ओढ्याकाठी आक्काचं रान लागतं. आक्का म्हणजे साठीच्या पुढची, एकटी राहणारी, भात लावणारी, दोन म्हशी सांभाळणारी बाई. अख्खी वाडी तिला आक्का म्हणते म्हणून मीही. मी त्या ओढ्याची कडा बघत फिरत होते, तेव्हा ती वरून ओरडली होती, "ए बाय, प्लाटवाली हायेस काय गं? हितं कायबी इकायचं न्हाई!" मी म्हटलं, माती बघतेय. "मातीत काय बगायचं? ती काय नवरी हाय?" मग मी कोण, कुठली, असं होत होत अब्बांच्या दुकानाचं नाव निघालं आणि मामला थंडावला. तिच्या गोठ्याचा पत्रा आमच्याकडचाच निघाला. तेव्हापासून मी मास्तरीण.

त्याच कडेत, तिच्या भातखाचराच्या बरोबर खाली, मला राख सापडली. तपकिरी गाळाच्या मध्येच एक फिकट पट्टा, दोन हात लांब, जाडी फार तर चार बोटं. बोटानं चोळली तर पिठासारखी मऊ आणि तरी कुठंतरी करकरीत. चिमूटभर नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर फुटक्या बुडबुड्यांच्या कडांसारख्या काचेच्या चिपाच चिपा. ज्वालामुखीची राख! मी प्रयोगशाळेत एकटीच ओरडले आणि शिपाईकाका धावत आले.

आता ही राख आपल्या सह्याद्रीची नव्हे. ती सुमात्रा बेटावरच्या एका राक्षसी ज्वालामुखीची. समुद्र ओलांडून ती आपल्या नद्यांच्या गाळात येऊन पडली, हे आमच्यात सर्वांना माहीत आहे. पण ती नेमकी कुठल्या स्फोटातली, त्यावरून आमची मोठमोठी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडतात. आणि त्याच्याही आधी एक प्रश्न येतो, तो साधा आहे. राख आकाशातून पडली आणि तिथंच राहिली, की दुसरीकडे पडून पाण्यानं वाहत इथं आली? वाहून आलेली असेल तर तिला फारशी किंमत नाही. पण जागेवर पडलेली असेल तर? तर तिच्या खाली लागलेली माती म्हणजे थेट त्या दिवसाची जमीन. राख पडली त्या दिवशी मुठा खोऱ्यात जी जमीन होती, ती. गवत होतं की नव्हतं, ओल होती की कोरडं होतं, कुणी जाळ केला होता का, सगळं त्यात.

हे कळायला एकच रस्ता असतो. पत्र्याचा एक डबा कडेत हळूहळू दाबायचा. खालची माती, राख आणि वरची माती असा अख्खा तुकडा न हलवता डब्यात घ्यायचा आणि मागून कापून काढायचा. नुसती राख कितीही गोळा केली तरी हे उत्तर मिळत नाही. ती एकदा जागची हलली की संपलं. डबा मी अब्बांकडून करून घेतला. त्यांनी स्वतः पत्रा कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या, झाकण बसवलं आणि विचारलं, "यात काय भरणार, बेटा?" मी म्हटलं, एक दिवस. अब्बा हसले. शिकून पोरगी वाया गेली, असं त्यांना वाटलं असणार.

मग लगेच का नाही काढलास तुकडा, असं तुम्ही विचाराल. विचाराच. मी स्वतःला रोज विचारते. ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते सर, आमच्या जमातीतलं वजनदार माणूस, ते म्हणाले, "अजिबात हात लावू नकोस. तू एकटीनं काढलास तर उद्या लोक म्हणतील, काढताना हिनंच घाण केली. पुढच्या परिषदेत फील्ड ट्रिप ठेवू, सगळ्यांना जागेवर दाखवू आणि सगळ्यांच्या समोर डबा लावू." मला पटलं. आमचा नियमच तो. शिवाय, खरं सांगते, मला हवंही होतं की सगळ्यांनी यावं. पौडच्या हार्डवेअरवाल्याच्या मुलीनं काय शोधलंय ते बघावं. परिषद एकदा पुढं ढकलली गेली आणि मध्ये दोन पावसाळे गेले.

ते दोन पावसाळे राख सांभाळली कुणी? मी? मी पुण्यात पेपर तपासत बसले होते. ती सांभाळली आक्कानं.

मी तिला सगळं सांगितलं होतं, माझ्या परीनं सोपं करून. तिनं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न नेमका विचारला: "म्हंजी राखंच्या बुडाला त्या दिसाची जिमीन तशीच झाकून पडलीया?" मी म्हटलं, तसं असेल, तेच बघायचंय. पेटी घेऊन येईन, पेटीत भरून नेईन, मग झालं. "मंग तवर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. एवढंच. ना अर्ज, ना ठराव, ना निधी. पावसाच्या आधी तिनं कडेवर ताडपत्री टाकली, वर पेंढा, पेंढ्यावर करवंदीच्या काटेरी फांद्या, म्हणजे म्हशी अंग घासायला जायच्या नाहीत. ओढ्याचं पाणी कडेला लागतं म्हणून वरच्या अंगाला स्वतः दगड रचून बांधासारखी ताल घातली. या वयात. मी एकदा भर पावसात गेले, तर ही बाई डोक्यावर इरलं घेऊन कंबरभर ओल्या लुगड्यानं दगड बसवत होती. "आक्का, पडशील ना गं!" तर म्हणाली, "मी पडले तर उटून हुबी ऱ्हाईन. ह्यो काट पडला तर तू काय करशील?"

आणि तिला हे फुकटात पडलं नाही. तिचा एकुलता एक मुलगा हिंजवडीत कंपन्यांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. त्याला तो काठ सपाट करून रानात गाडी जाईल असा रस्ता करायचा होता. शेजारच्या शेतात जेसीबी लागलेलाच होता, तासाभराचं काम. आक्का आडवी आली. "मास्तरनीचं झाल्याबिगर न्हाई." दोघांचं जोरात वाजलं. मातीच्या एका पट्ट्यासाठी परक्या बाईचं ऐकतेस, असं म्हणून तो बायकोमुलांना घेऊन हिंजवडीजवळ जांब्याला भाड्याच्या खोलीत गेला तो गेलाच. गौरी-गणपतीलाही आला नाही. हे मला आक्कानं सांगितलं नाही, शेजारणीनं सांगितलं. मी आक्काला म्हटलं, अगं, असं होतं तर सांगायचं ना. तिनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "यील की. तुजं झालं म्हंजी यील."

शेवटी परिषद आली. हिवाळ्यात दोन बस भरून माणसं आणायचं ठरलं. आदल्या दिवशी मी एकटी गेले आणि कडा साफ केली. आमच्यात हे मानाचं काम समजतात. थापीनं वरचा खरवडा काढायचा, थर कसे स्वच्छ, ताजे दिसले पाहिजेत. मी तर प्रत्येक थराला क्रमांकाची चिठ्ठी टोचली. राखेला लाल बाण लावला. लाल! चोराला घरात बोलवायचं आणि तिजोरीवर बाण काढून ठेवायचा, असला शहाणपणा फक्त आमच्याच धंद्यातलं माणूस करू शकतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरली ती काय एकेक रत्नं! टोप्या, खिशाखिशांची जाकिटं, कमरेला हातोड्या. आक्कानं सगळ्यांसाठी गवती चहा घातलेला चहा ठेवला होता. कितीतरी जणांनी तो घेतलाच नाही, पाणी कुठलं आहे म्हणून. असो. सगळे ओढ्यात उतरले. मी बोलले, दहा मिनिटं. डबा माझ्या हातातच होता. मी म्हटलं, आता आपण सर्वांच्या समोर अख्खा तुकडा काढणार आहोत. तेवढ्यात सर पुढं आले. त्यांनी खिशातून चाकू काढला, डोळे बारीक केले आणि राखेच्या बरोबर मधोमध टोक खुपसून कागदाच्या पुडीत थोडीशी राख पाडून घेतली.

"फक्त थोडंसं," सर म्हणाले. "आमच्या कपाटात असू दे."

मला वाटलं, ठीक आहे, सर आहेत. मधून गेली तर डावीकडे डबा लावू. पण सरांनी घेतली म्हटल्यावर सगळ्यांनाच परवानगी मिळाली. "मॅडम, थोडंसं?" "अगदी चिमूटभर, विद्यार्थ्यांना दाखवायला." "आमच्या लॅबमध्ये रसायन तपासू, तुमचं नाव घालू हं." प्रत्येक जण इतका गोड बोलत होता! कुणी ओरबाडत नव्हतं हो. रांगेत, एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत, प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर सुबक अक्षरात जागेचं नाव लिहीत त्यांनी ती राख संपवली. प्रत्येकाला वाटत होतं, माझ्या चिमटीनं काय फरक पडतोय. दोन बसभर चिमट्या! एकानं तर हातोडीनं वरची मातीही पाडली, बाकीच्यांना नीट घेता यावं म्हणून. मी "सर, डबा... सर, तुकडा काढायचाय" असं काहीतरी म्हणत राहिले. सर म्हणाले, "अगं, आत असेल की भरपूर. ही लेन्स आहे, भिंगासारखा फुगीर थर, आत जाडच होत जाईल."

आत काही नव्हतं. वीतभर आत राख संपत होती, आणि ते मला आधीच दिसलं होतं, कारण गर्दीत मीही खाली बसले होते. आता मला जे सांगायला लाज वाटते ते सांगते. एका कोपऱ्यात शेवटची मूठभर उरली होती. दोन जण तिकडं सरकत होते. मी त्यांना हाताला धरून मागे ओढायला हवं होतं. बोंब ठोकायला हवी होती. त्याऐवजी मी थापी घातली आणि ती शेवटची मूठ स्वतःच्या पिशवीत टाकली. निदान माझ्याकडे तरी असू दे, असं वाटलं. माझ्या हातानं ती संपली. डब्यात घ्यायला मग काही उरलंच नाही.

आक्का वर काठावर उभी राहून बघत होती. जाताना मी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. बसमध्ये चढले.

जेवण लवासात ठेवलं होतं, तळ्याकाठी. तिथल्या अर्धवट इमारतींचे फोटो काढत आमची मंडळी बोलत होती, की माणसानं जमिनीचं काय करून ठेवलंय बघा. एक बाई हळहळल्या, "हे असे थरांचे सेक्शन जेसीबीखाली जाणार सगळे. या लोकांना कल्पनाच नसते आपल्याकडे काय आहे याची." हे लोक म्हणजे कोण, तर आक्का. बाईंच्या पर्समध्ये राखेची पुडी होती. मी ताट ठेवून उठले आणि तळ्याकडे तोंड करून उभी राहिले. तेव्हाही बोलले नाही. आता कागदावर वाघीण झालेय, पण तेव्हा शेळीच होते.

समारोपाला ठराव झाला. पुणे जिल्ह्यातील मौल्यवान थर धोक्यात आहेत, स्थानिक शेतकऱ्यांच्या अज्ञानामुळे ते नष्ट होत आहेत, सबब त्यांच्यात जनजागृती व्हावी. टाळ्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! आणि जनजागृतीचा फ्लेक्स मराठीत लिहायचं काम कुणाकडे? माझ्याकडे. स्थानिक म्हणून. त्या संध्याकाळी मात्र मी सरांना फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, सर, तुम्हीच म्हणाला होतात हात लावू नकोस. मी दोन वर्षं लावला नाही. ज्या बाईला सही करताना हात कापतो तिनं लावला नाही. आणि शिकल्यासवरल्या माणसांनी अर्ध्या तासात फस्त केली. कुंपणानंच शेत खाल्लं, सर. ते म्हणाले, "तू फार भावनिक होतेयस. खोरं मोठं आहे, दुसरीकडे सापडेल." मी फोन ठेवून दिला.

पौडला गेले तर अब्बांनी डबा हातात घेऊन हलवून बघितला. "रिकामाच आणलास?" मी हो म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. फडक्यानं पुसून डबा मांडणीवर ठेवला, खिळ्यांच्या शेजारी. अजून तिथंच आहे. गिऱ्हाइकानं विचारलं तर अब्बा सांगतात, तो विकायचा नाही.

आक्काकडे मी चार महिने गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार? कामं आहेत, परीक्षा आहेत, ऊन आहे, अशी स्वतःलाच थापा मारत राहिले. मे महिन्यात तो फ्लेक्स छापून कॉलेजात येऊन पडला. शब्द माझे नव्हते. मी लिहायला नकार दिला तर दुसऱ्या कुणीतरी लिहिले होते. 'शेतकरी बंधूंनो, आपल्या जमिनीतील हा अनमोल ठेवा जपा.' खाली आयोजकांची नावं. प्राचार्य म्हणाले, जागेवर लावून फोटो पाठवा. मी त्याची गुंडाळी स्कूटीला बांधली आणि एका रविवारी सकाळी निघाले. पर्समध्ये ती राखेची पिशवीही टाकली. का टाकली, सांगता येणार नाही.

ओढ्याशी पोचले आणि पाय जागच्या जागी थबकले. कडेवर ताजा पेंढा घातला होता. त्यावर करवंदीच्या नव्या फांद्या. वरच्या अंगाला ताल पुन्हा नीट रचलेली. आणि आक्का खाली बसून फाटक्या ताडपत्रीला सुतळीनं ठिगळ लावत होती. त्या मोकळ्या भोकाला झाकायला.

"आलीस का, मास्तरीन!" ती म्हणाली. "म्हनलं, पाऊस तोंडावर आला नि हिचा पत्त्या न्हाई. त्ये काय गुंडाळलंयस? फलेक्स? लई ब्येस झालं बग, ही ताडपत्री पार इरलीया." तिनं गुंडाळी माझ्या हातातून घेतली, उलगडली आणि एकेक अक्षर लावत वाचू लागली. "शेत... करी... बंधूं... नो." शेवटच्या शब्दाशी थांबली. "जपा," तिनं वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "आन मी काय करतीया मंग?"

मी म्हटलं, "आक्का, आता झाकू नकोस."

"का? तुजी पेटी कुटं न्हेलीस अजून? मी वरनं बगत हुते की. समदी पिशव्या भरून ग्येली, पन पेटी रिकामीच ग्येली. म्हनलं, हिचं काम ऱ्हायलंय, ही यील."

मी खाली बसले. मला सगळं सांगावंच लागलं. आत काही उरलं नाही. त्या पिशव्या म्हणजे काम नव्हतं. राख हलली की ते उत्तर गेलं, आणि आता ते कुणालाच मिळणार नाही, ना मला, ना त्या दोन बसमधल्या एकालाही. आक्का ऐकत होती. सुतळी हातातच होती.

"समदी शिकल्याली हुती ना गं?" तिनं विचारलं.

"होय."

"त्यास्नी ठावं न्हवतं?"

"होतं. सगळ्यांना होतं."

"आन तवा तू कुटं हुतीस?"

"इथंच होते," मी म्हटलं आणि पर्समधली पिशवी काढून तिच्या पुढ्यात ठेवली. "शेवटची मूठ मीच घेतली, आक्का."

तिनं पिशवी उचलली, तळहातावर धरली, उजेडात उलटीपालटी केली. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ही परत बसवाया येत न्हाई व्हय?"

"नाही."

"मंग ही तूच न्हे. राख काय, माज्या चुलीत बी हाय." पिशवी तिनं माझ्या मांडीवर टाकली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, करवंदीच्या फांद्या ओढून बाजूला फेकल्या आणि तालीचा वरचा दगड काढून ओढ्यात टाकला. दुसरा काढला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माज्या ल्येकाला फोन लाव. म्हनावं, घिऊन ये तुजा जेसीबी. तू सांग त्याला. माजं ऐकून रुसलाय, तुजं तरी ऐकंल."

मी फोन लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मी कोण ते सांगितलं, आई बोलावतेय म्हणून सांगितलं, काठ आता मोकळा आहे म्हणून सांगितलं.

"म्हंजी तुमचं काम झालं का मॅडम?" त्यानं विचारलं. आवाज चिडका नव्हता, उलट नीट ऐकायचं म्हणून बहुतेक त्यानं गाडीची काच वर केली, कारण हॉर्न बंद झाले. "काय निघालं मग त्यातनं?"

आक्का हातात दगड धरून उभी राहिली. तिलाही ऐकायचं होतं.

"काही नाही," मी म्हणाले.